एका वेळी एकच बदल

मोहिते मॅडम खुर्चीत बसल्या आहेत, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर सहजासहजी येत नाही. खुर्चीचा त्यांना माहीत असलेला उपयोग एकच, तिच्यावर चढून कॉम्प्युटरच्या मागची वायर काढणं. चहा उभ्याने, नाश्ता उभ्याने, फोन तर चालता चालता. आमच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायच्या, मग पाण्याच्या टाकीचा गळका नळ पिळून घट्ट करायच्या, एखाद्या पेशंटला त्याचा शर्ट उलटा आहे हे सगळ्यांदेखत सांगायच्या आणि मग मला विचारायच्या, "हं शुभा, आज कोण बिघडलंय?"

आमचा दवाखाना पलासियात, डोळ्यांचा. मी तिथे चष्म्याचे नंबर काढते आणि मशीनवरच्या तपासण्या करते. मॅडम सिमरोलच्या बाजूला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायच्या. निवृत्त झाल्यावर घरी राजेंद्र नगरला स्वस्थ बसतील ही मोहिते काकांची आशा पहिल्याच आठवड्यात मावळली. आसपासच्या दवाखान्यांचे, क्लासचे, वकिलांचे जुनेपाने कॉम्प्युटर म्हणजे त्यांचं रान. नवीन मशीन दिलं तर तोंड वाकडं करायच्या. "यात काय आहे करायला? बटन दाबा, चालू. जुनं कसं, रुसतं तरी." त्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते आणि त्या सगळा दोष घोड्यांना द्यायच्या. "आमच्या खानदानात कुणाचा पाय जमिनीवर टिकलाच नाही बघ. मी काय करू?"

पण आमच्याकडे त्या नुसत्या दुरुस्तीला यायच्या नाहीत. त्या आमच्या पेशंटही होत्या. त्यांना काचबिंदू होता.

हा आजार मोठा लबाड. मधली नजर शाबूत ठेवतो आणि कडेकडेने खात येतो. वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, मग माणसाला वाटतं आपल्याला झालंय काय? जी नजर जाते ती परत येत नाही. उरलेली राखायची एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. किती गेली हे बघायला एक तपासणी असते. अंधाऱ्या खोलीत मशीनच्या पुढ्यात बसायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे एकटक बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. दिव्याकडे बघायचं नाही. नजर हलली की मशीन नोंद घेतं आणि फारच हलली तर अहवालावर शेरा छापतं, भरवसा ठेवण्याजोगा नाही.

आता या बाईंना एका ठिपक्याकडे बघत बसवायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

"मॅडम, ठिपक्याकडे बघा."

"बघतेय ना."

"वर बघताय तुम्ही."

"अगं, वर दिवा लागला! लागला तर बघणार नाही का? कमाल करतेस तू पण."

मग हनुवटी न उचलता, "सुन ना, या मशीनच्या पोटातली डिस्क कटकट करतेय. आज ना कल जाणार ही. डॉक्टरांना बोल."

"मॅडम, ठिपका."

"हओ हओ, ठिपका."

प्रत्येक अहवालावर तो शेरा असायचाच. डॉक्टर माझ्यापेक्षा शांत माणूस, पण तेही एकदा कावले. "मोहिते मॅडम, नुसत्या थेंबांवर भागतंय की ऑपरेशन करायला हवं, हे मी ठरवू कशावर? डोळ्याचं प्रेशर मधूनच वाढतंय तुमचं. एक रिपोर्ट द्या मला. एकच, पण सच्चा." मॅडम त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत होत्या. म्हणाल्या, "साहेब, तुमचं मशीनच पुराणं आहे. माझ्या डोळ्यांना काय झालंय? काल केवढे बारीक नट बसवले मी." आणि डॉक्टर पुढचं बोलायच्या आत बाहेरसुद्धा पडल्या. मला त्यांचा राग यायचा. दुसऱ्यांच्या मशीनसाठी जीव टाकणारी बाई स्वतःच्या डोळ्यांना इतकासुद्धा वेळ देईना, हे काही माझ्या पचनी पडत नव्हतं.

त्यांची काम करायची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. जुन्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायची म्हटलं की शंभर विघ्नं. कधी डिस्कच सापडत नाही म्हणून सांगणार, कधी अर्ध्यावर अडणार, कधी सगळं झाल्यावर सुरूच होणार नाही. मॅडम आधी पेटी उघडायच्या आणि जिच्यावर काम करायचं नाही ती प्रत्येक डिस्क सोडवून बाहेर काढायच्या. काढली की जो समोर असेल त्याच्या हातात. "हे पकड. खाली ठेवायचं नाही, हलायचं नाही." कॉलेजात असताना कुणीतरी घाईत चुकीच्या डिस्कवर सिस्टीम टाकली होती आणि अख्ख्या वर्गाचे प्रोजेक्ट पुसले गेले होते. मुली रडल्या होत्या म्हणे. तेव्हापासून हा नेम. "जी डिस्क जोडलेलीच नाही, ती कुणाचा बाप पण फॉरमॅट करू शकत नाही," हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. यात गंमत अशी की हलायचं नाही हे त्या दुसऱ्याला सांगायच्या आणि स्वतः खोलीभर फिरत राहायच्या.

दुसरा नेम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदललीत तर फक्त केबल. मग बघा. नाही झालं तर ती परत लावा आणि दुसरं काहीतरी बदला. नाहीतर दुखणं कुठे होतं ते कळत नाही. हे त्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आल्या आणि स्वतः एकदाही पाळू शकल्या नाहीत. हात शिवशिवायचे त्यांचे. केबल काढता काढता मेमरीची पट्टी पुसायच्या, तेवढ्यात डिस्कही दुसऱ्या जागी लावायच्या, आणि मशीन चालू झालं की चेहरा पडायचा. कारण आता नक्की कशाने चालू झालं ते कळायला मार्ग नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर शर्माजींचा कोचिंग क्लास आहे. त्यांचा कॉम्प्युटर सकाळपासून अडून बसला होता आणि दारात पोरं फीच्या पावत्यांसाठी उभी. मॅडमनी तो चालू केला. शर्माजींनी देवाला हात जोडले, आणि डोळे उघडून बघतात तर मॅडम पुन्हा स्क्रू काढतायत.

"मैडम, चल गया ना? फिर क्यों खोल रही हो?"

"चल गया, पर क्यों चला?"

"अरे, चल गया ना!"

"शर्माजी, थोडा रुक जाओ. मुझे मालूम तो पडने दो."

चालणारं मशीन त्यांनी बंद पाडलं, एकेक बदल उलटा करत गेल्या, दोष एका वाकलेल्या पिनेत होता हे शोधलं आणि मगच जिना उतरल्या. शर्माजी आजही तो प्रसंग हात वर करून सांगतात. मला मात्र मॅडमचा तो दुराग्रह आवडायचा. बरं झालं एवढ्यावर त्यांचं कधी समाधान झालं नाही.

मग एके दिवशी आमचं नजर तपासायचं मशीन गेलं. मॅडम म्हणायच्या तशीच कटकट वाढत गेली आणि पडदा काळा. त्या मशीनला एक जुना कॉम्प्युटर जोडलेला होता आणि त्याचं सॉफ्टवेअर फक्त जुन्याच सिस्टीमवर चालायचं. डिस्कमध्ये आमच्या काचबिंदूच्या सगळ्या पेशंटांचे जुने अहवाल. आजचा अहवाल जुन्याशी ताडून बघितल्याशिवाय कुणाची नजर किती उतरली ते सांगता येत नाही. डॉक्टर घाबरे झाले. सप्लायरने सौरभ नावाचा इंजिनिअर पाठवला, हुशार आणि गोड स्वभावाचा. त्याने नवीकोरी भलीमोठी डिस्क आणली, सिस्टीमची सीडी घातली आणि पडद्यावर आलं की कॉम्प्युटरला डिस्क सापडत नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तो म्हणाला, मशीन मोडीत काढा. डॉक्टरांनी मॅडमना फोन लावला.

मॅडम आल्या त्याच मुळी बोलत. "भिया, तुमची डिस्क नवी आहे, ये बात सही. पण या बोर्डाच्या जमान्यात एवढ्या मोठ्या डिस्का होत्याच कुठे? त्याला एवढं गिनता येत नाहीये. छोटी पाहिजे, पुरानी." आणि तशाच जेल रोडला निघाल्या. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानांतून पिशवीभर डिस्का घेऊन आल्या, एकेक जोडून कानाला लावून ऐकली, दोन नापास केल्या. दवाखान्याची जुनी मरतुकडी डिस्क सोडवली आणि डॉक्टरांच्या हातात दिली.

"साहेब, हे पकडा."

"अहो, माझे पेशंट बसलेत बाहेर."

"तर आत बोलवा ना. मांडीवर ठेवा आणि बघा पेशंट. फक्त उठू नका."

आणि डॉक्टरांनी खरंच मांडीवर डिस्क घेऊन पेशंट तपासले. उठायची सोय नाही म्हणून प्रत्येकाला खुर्ची पुढे ओढायला लावत होते.

इकडे कॉम्प्युटरला छोटी डिस्क सापडली, पण सिस्टीम अर्धी उतरली की एका ठरावीक फाइलशी येऊन थांबायची. मॅडमनी केबल बदलली, मेमरी बदलली, डिस्क बदलली, अर्थात तिन्ही एकदम. थांबलीच. पडद्यावरची ती हिरवी पट्टी भरेपर्यंत त्यांना दम कुठला? जिना उतरून खाली जायच्या, सिग्नलवरच्या गाड्या बघायच्या, वर यायच्या. शेवटी सौरभच म्हणाला, "मॅडम, कहीं सीडीच खराब नसेल?" सीडीवर ओरखडे होते. मॅडमनी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "अरे वा भिया! मी त्या डिस्कांच्याच मागे लागलेली." सौरभने सीडीची नवी प्रत करून आणली आणि पट्टी पहिल्यांदाच शेवटपर्यंत गेली.

सुरू करताना पुन्हा अडलं. डिस्क आणि सीडीचा ड्राइव्ह एकाच केबलवर होते आणि मागच्या पिना अशा लावलेल्या की दोघंही स्वतःला पहिलं समजत होते. एक तांदळाच्या दाण्याएवढी टोपी एका पिनेवरून दुसरीवर घालायची, इतकंच काम. मॅडमच्या चिमटीतून ती निसटली आणि टेबलावर पडली. त्या शोधायला लागल्या. ती त्यांच्या डाव्या कोपरापाशीच होती, मला दिसत होती, पण त्या सगळीकडे बघत होत्या आणि नेमक्या तिथेच बघत नव्हत्या. मी ती उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि टोपी बसवली.

सिस्टीम चालू झाली. मग मरतुकडी डिस्क परत जोडली; ती थोडी चालायची, थकायची, थांबायची. तिला विश्रांती देत देत मॅडमनी सगळे अहवाल नव्या जागी आणले. डॉक्टरांनी आधीच हात जोडून ठेवले होते. "मॅडम, आता का चाललं ते शोधू नका. पाया पडतो." मॅडम म्हणाल्या, "बरं. पण मला चैन पडणार नाही, सांगून ठेवते."

आता मशीन नीट मोजतंय की नाही ते बघायला कुणाला तरी समोर बसणं भाग होतं. एरवी मी बसते. मी पुढे झाले तर मॅडमनी मला मागे ओढलं. "मी बसते. मी लावलंय ना."

खोलीत अंधार केला. मॅडमनी हनुवटी टेकवली. उजवा डोळा झाकून डाव्याने बघत होत्या. मी पडद्यावर त्यांच्या डोळ्याची हालचाल बघत होते आणि माझा विश्वास बसेना. डोळा ठिपक्यावरून ढळत नव्हता. पाय हलत नव्हता. मध्येच बोलणं नाही, डिस्कची कटकट ऐकणं नाही. मला काही वेळाने उमगलं. आज त्या स्वतःची तपासणी देत नव्हत्या. त्या मशीनची तपासणी घेत होत्या. मशीन खरं बोलतंय का हे कळायचं तर आपण नियम मोडून चालणार नाही, एवढीच त्यांची धारणा. स्वतःसाठी ज्या बाई कधी स्वस्थ बसल्या नाहीत, त्या मशीनसाठी दगडासारख्या बसल्या होत्या.

अहवाल छापून आला. वर शेरा नव्हता. मॅडमनी तो दिव्याखाली धरला आणि म्हणाल्या, "हे बघ, मला वाटलंच होतं. गडबड आहे. एवढ्या मोठ्या भागात मशीनने दिवे टाकलेच नाहीत. मी बसले होते ना, तिकडे एकदाही दिवा लागला नाही. आतला आरसा हललाय." आणि स्क्रू काढायला हात पुढे. सौरभने माझ्याकडे बघितलं. मी सौरभकडे.

पण मॅडमचा हात आपोआपच थांबला. पेचकस टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "नाही. थांब. आधी एकच गोष्ट बदलू. शुभा, तू बस."

मी बसले. तोच ठिपका, तेच मशीन, माझाही डावाच डोळा. दिवे सगळीकडे लागत होते, वर, खाली, कडेला, सगळीकडे. प्रत्येक वेळी बटण दाबताना टक असा आवाज होत होता आणि मॅडम माझ्या पाठीशी उभ्या राहून तो ऐकत होत्या. एखादा दिवा मुद्दाम सोडून द्यावा असं मला वाटलं. पण ते त्यांना ओळखू आलं असतं आणि त्यांनी मला कधी माफ केलं नसतं.

माझा अहवाल स्वच्छ आला. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या कागदावर डावीकडचा जवळजवळ सगळा भाग काळा होता. मग मी ज्या स्टुलावरून उठले होते, त्याच्यावर हळूच बसल्या.

"तर मशीन ठीक आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टर आत आले. मॅडमनी आपला कागद त्यांच्या हातात दिला. "साहेब, मशीन मी स्वतः लावलंय, चेक पण केलंय. आता त्याला दोष देता येत नाही मला. तुम्ही बोला." डॉक्टर त्यांच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलले. त्या बसूनच ऐकत होत्या. मी बाहेर येऊन रडले, हे लपवण्यासारखं नाही. सौरभने मला पाणी आणून दिलं.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याचं जे गेलं ते गेलंच; उरलेलं आणि उजव्या डोळ्याचं राखता येईल असं डॉक्टर म्हणाले आणि आजवर तरी ते राहिलं आहे. मॅडमनी फिरती कामं सोडली. पुढच्या तपासण्या त्या राजेंद्र नगरजवळच्या दुसऱ्या दवाखान्यात करून घेऊ लागल्या, पलासियाच्या ट्रॅफिकमधून येणं काकांना नको होतं. सौरभ कधी त्यांच्या घरी जातो, कधी अडलेलं काम फोनवरून विचारतो असं कानावर यायचं. तो म्हणाला, मॅडम शिव्या देतात पण रस्ता दाखवतात.

मागच्या महिन्यात मी राजेंद्र नगरला मावशीकडे गेले होते. संध्याकाळी भाजीच्या हातगाड्यांपाशी मॅडम दिसल्या. मेथीवाल्याशी जोरात वाद चालला होता, "भिया, ये मेथी है कि घास?" मी त्यांच्या डाव्या बाजूने गेले, अगदी हातभर अंतरावर उभी राहिले. त्यांना कळलं नाही. इतक्या जवळून, इतका वेळ मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एरवी त्या थांबायच्याच कुठे? केस पांढरे झाले होते. मला हाक मारवेना. मी मागून वळसा घातला आणि त्यांच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले.

"अगं शुभा! कब आलीस तू?"

"आत्ताच."

"चल मग, घरी चल. चहा पी. काका एकटेच बसलेत पेपर घेऊन." मेथी पिशवीत कोंबली आणि त्याच जुन्या वेगाने निघाल्या. रस्त्याच्या कडेशी मात्र थांबल्या. डावीकडून गाड्या येत होत्या. माझ्याकडे न बघता, भाजीचा भाव सांगावा तशा सुरात त्या म्हणाल्या,

"इकडे नको राहूस. त्या बाजूला ये. तिकडे कुणीतरी लागतं मला."

मी त्यांच्या डावीकडे गेले आणि त्यांचा हात धरला.